तीनशे वर्षांपूर्वीची जिंदगी शोधताना

नोव्हेंबर २०२२. थँक्सगिव्हिंगला आम्ही मिशिगनला सासूबाईंकडे गेलो होतो. जेवणं उरकल्यावर त्यांनी कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत फोटो, पोस्टकार्डं आणि त्यांच्या आजीच्या अक्षरातला एक घडी पडलेला कागद. आपल्या घराण्याचा पहिला माणूस १६३५ साली इंग्लंडहून आला, मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरी गावी त्याची मोठी इस्टेट होती, एवढ्या दोन ओळी. खाली नावांची उतरंड आणि मध्ये तीन प्रश्नचिन्हं.

सासूबाई तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या. म्हणाल्या, "ही प्रश्नचिन्हं मिटलेली बघायची आहेत मला." सडबरी आमच्या फ्रेमिंगहॅमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. मी हो म्हटलं.

माझं माहेर वाईचं. आमच्याकडे कुलवृत्तांत आहे, मोडी कागदांचे दोन रुमाल आहेत आणि मोडी वाचणारी आत्या आहे. त्यामुळे ‘मूळपुरुष’ हा शब्द मला परका नव्हता. परकी होती ती इथली व्यवस्था. पुढे जवळजवळ दोन वर्षं गेली. अमेरिकेत लग्न होऊन आलेल्या, मुलांना दोन्हीकडची मुळं दाखवू पाहणाऱ्या मराठी माणसांना उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. सासरचं आडनाव मात्र लिहीत नाही, कारण त्या नावाची माणसं आज हयात आहेत.

आधी मागे, मग मूळ

पहिले तीन आठवडे वाया गेले. मी थेट १६३५ पासून सुरुवात केली. इंटरनेटवर त्या आडनावाचे वंशवृक्ष ढिगाने सापडले, सगळे एकमेकांवरून उतरवलेले. एकात तर मूळपुरुषाला इंग्लंडातला सरदार बाप आणि रंगीत कुलचिन्हही मिळालेलं. वाचताना मन भरून येतं, आणि धोका तिथेच असतो. शंभर वर्षांपूर्वी गुस्ताव्ह आंजू नावाचा गृहस्थ इथल्या श्रीमंत घराण्यांना मोठी रक्कम घेऊन बनावट वंशावळी करून देत असे. त्याच्या बनवेगिरीचे तुकडे आजही लोकांच्या झाडांत लटकलेले आहेत.

जानेवारी २०२३ मध्ये उलट्या दिशेने सुरुवात केली. सासूबाईंचा जन्मदाखला, त्यांच्या वडिलांचा, मग आजोबांचा. प्रत्येक पिढीच्या सांध्याला एक तरी कागद हवा, ज्यात बाप आणि मूल दोघांची नावं एकत्र आहेत. कागद नाही तर पुढे जायचं नाही. वारसनोंद करताना तलाठी जसा अडून बसतो, तसं स्वतःच अडून बसायचं.

अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, पण १८५० च्या आधी यादीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बायको-मुलं म्हणजे वयाच्या रकान्यातले नुसते आकडे. घरातल्या प्रत्येकाचं प्रमुखाशी नातं काय, हे १८८० पासून लिहू लागले. १८९० ची बहुतेक सगळी पानं १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाली. हे आधी माहीत असतं तर त्या वीस वर्षांच्या पोकळीत मी आठ दिवस डोकं आपटत बसले नसते. हे सगळं फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट बघता येतं, फक्त खातं उघडावं लागतं.

मार्चपर्यंत मी मिशिगनमधून न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात आणि १८०० च्या आसपास येऊन पोहोचले. तिथे पहिलं प्रश्नचिन्ह. या माणसाचा बाप कोण?

याच दिवसांत पुण्याहून काकांचा फोन आला. "अगं, इस्टेट शोधतेयस म्हणे. जावईबापूंना काही वाटा निघतो का?" त्यांनी मनापासून विचारलं होतं आणि हा प्रश्न मला इथल्या लोकांनीही विचारला. नाही निघत. ती वाटणी तेव्हाच झाली, सह्या झाल्या, पावत्या झाल्या. न्यूयॉर्कमध्ये आनेके यान्स नावाच्या डच बाईचं उदाहरण आहे. तिच्या ६२ एकरांच्या शेतावर आज खालचं मॅनहॅटन उभं आहे. ती १६६३ मध्ये गेली. १६७१ मध्ये वारसांनी शेत विकलं, पण एका वारसाची सही राहिली. पुढे ती जमीन १७०५ मध्ये ट्रिनिटी चर्चला मिळाली, आणि त्या एका सहीच्या जोरावर वारस म्हणवणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या चर्चशी खटले लढत राहिले. कुणालाच काही मिळालं नाही. तुमची हक्काची इस्टेट पडून आहे, अमुक पैसे भरा, असं कुणी कळवलं तर तिथेच थांबा.

न्यूबरी स्ट्रीटवरची वाचनखोली

मार्च २०२३ च्या शेवटी रजा काढून बॉस्टनला न्यूबरी स्ट्रीटवरच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीत गेले. १८४५ ची ही संस्था. वर्षाची वर्गणी भरली, तेव्हा साधारण शंभर डॉलर पडले. त्यात त्यांचा ऑनलाइन संग्रहही आला. एवढे पैसे लगेच घालायचे नसतील तर आधी आपल्या गावच्या लायब्ररीत विचारा, पुष्कळ ठिकाणी हा संग्रह तिथल्या संगणकावर बघता येतो.

तिथे रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांच्या ग्रेट मायग्रेशन प्रकल्पाचे खंड आहेत. १६२० ते १६३५ या काळात न्यू इंग्लंडला आलेल्या प्रत्येक माणसाची, कागदांच्या आधारावर केलेली नोंद. मी आमचं आडनाव काढलं. नाही. स्पेलिंगच्या चार-पाच तऱ्हा करून पाहिल्या, तरी नाही. आमचा माणूस पहिल्यांदा दिसतो तो १६३९ मध्ये, सडबरीच्या जमीनवाटपात.

म्हणजे १६३५ ला पुरावा नव्हता. त्या दिवशी गाडीत बसून सासूबाईंना फोन करायचा धीर झाला नाही. दोन दिवसांनी केला. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आजीला कुणीतरी सांगितलं असेल, तिने लिहून ठेवलं. तू कागद म्हणेल तेच लिही." हे वाक्य पुढे दोन-तीनदा मला फार कामाला आलं.

एप्रिल ते सप्टेंबर सगळा चिखल. १८०० च्या त्या माणसाच्या नावाचे दोन जण मॅसॅच्युसेट्समधून न्यूयॉर्ककडे गेले होते, वयात चार वर्षांचा फरक. एका गावच्या कार्यालयाला जन्मनोंदीच्या प्रतीसाठी पत्र आणि धनादेश पाठवला. सात आठवडे काही नाही. फोन केला तर अर्ज सापडत नाही म्हणाले. पुन्हा पाठवला. शेवटी प्रत आली ती दुसऱ्याच वर्षाची. तेव्हापासून प्रत्येक अर्जाचा फोटो काढून तारीखवार वही ठेवली आणि अर्जात नाव, साल, पुस्तक, पान सगळं ठळक लिहू लागले. मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी छापील पुस्तकांत आहेत, ती आधी बघावीत. मी उलटं केलं.

जुन्या कागदांतले शब्दही फसवतात. नावापुढे सीनियर-ज्युनियर आलं की आपण बाप-लेक धरतो, पण त्या काळी गावात एका नावाचे दोघे असले की मोठा आणि धाकटा, इतकाच अर्थ. चुलता-पुतण्याही असू शकतात, किंवा कुणीच कुणाचे नसतात. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे कधी जावई, कधी सावत्र मुलगा. बाप-लेक समजून मी एक अख्खी पिढी चुकीची जोडली होती, ती जूनमध्ये उसवावी लागली.

त्या पुस्तकांत मुलींची नावं वाचताना मात्र मी वारंवार थांबायचे. थँकफुल, पेशन्स, सायलेन्स, सबमिट. कृतज्ञ, धीर, मौन, नमून राहा. आपल्याकडे साताऱ्याच्या नकुशा आठवल्या. २०११ मध्ये जिल्ह्यात समारंभ करून त्या मुलींची नावं बदलली होती. त्या सबमिटला कुणी विचारलं असेल का, देव जाणे.

मोडी आणि इंग्रजी

मधला सांधा जुळत नव्हता, तरी मी दुसऱ्या टोकालाही हात घातला. पद्धत म्हणून हे बरोबर नाही. पण मॅसॅच्युसेट्समधल्या मिडलसेक्स काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) १६४८ पासूनच्या वारसाप्रकरणांची कागदपत्रं सोसायटीच्या संग्रहात स्कॅन करून ठेवलेली आहेत आणि सडबरी मिडलसेक्समध्येच येतं. न बघता राहवलं नाही.

ऑगस्टमध्ये मूळपुरुषाची फाइल सापडली. नऊ कागद. तो १६९३/४ च्या हिवाळ्यात मृत्युपत्र न करता गेलेला.

ही तिरपी रेघ पहिल्यांदा मला चूक वाटली होती. तेव्हा इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस जुन्या हिशेबाने आदल्या सालात आणि आपल्या हिशेबाने पुढच्या. काही ठिकाणी महिन्याचा नुसता आकडा असतो आणि पहिला महिना म्हणजे मार्च, म्हणून बारावा म्हणजे फेब्रुवारी. १७५२ मध्ये हे सगळं बदललं आणि त्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ आली. आत्याला फोनवर सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "आपल्या कागदांत नाही का, शके चैत्रात बदलतो आणि सुहूर सन मृगाला? आधी कागदाचं साल कुठलं ते बघायचं, मग वाचायचं."

अक्षर वाचायलाही तिचीच युक्ती कामी आली. मोडी शिकताना ती कित्ता गिरवायची. मी त्याच कारकुनाच्या हातचे सोपे शब्द, म्हणजे महिने, गावाचं नाव, ‘इन द नेम ऑफ गॉड’ अशी ठरीव वाक्यं शोधली आणि त्यातलं एकेक अक्षर कापून वहीत चिकटवलं. लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, ‘द’ हा शब्द ‘ये’सारखा लिहिलेला असतो. पहिल्या पानाला मला चार संध्याकाळ लागल्या. नवव्याला तासभर.

एका पानाची घडी स्कॅनमध्ये काळी आली होती आणि नेमकी तिथेच विधवेच्या हिश्श्याची ओळ. बॉस्टनला कोलंबिया पॉइंटवर राज्याचं अभिलेखागार आहे. तिथे ईमेल केली, फाइलचा क्रमांक आणि पान कळवलं. नऊ दिवसांनी होकार आला. १८ ऑक्टोबरला लाल लाइनने जेएफके-युमास स्टेशनला उतरून गेले. कोट आणि पिशवी लॉकरमध्ये, हातात फक्त पेन्सिल आणि कोरे कागद. फोटोला परवानगी होती, फ्लॅशला नाही. भिंग घरून न्या.

तिथल्या बाईंनी कागद फोमच्या उशीवर ठेवला आणि घडी हलकेच उघडून दिली. तीनशे तीस वर्षांचा चिंध्यांपासून केलेला कागद, हाताला जाड, कडेला मऊ. आपल्याकडच्या जुन्या दस्तऐवजांची आठवण करून देणारा. माझे हात थरथरत होते.

ती यादी म्हणजे आपला पंचनामा. गावातल्या तिघा पंचांनी घरात फिरून, खोलीखोलीने, एकेक वस्तूची किंमत लिहिलेली. पिसांची गादी, उशा आणि पांघरुणं मिळून ५ पौंड. गाय अडीच पौंडांना, म्हणजे अंथरूण दोन गाईंच्या मोलाचं. लोखंडी भांडं, चुलीवर ते टांगायची साखळी, लोकर पिंजायची फणी, चरखा, जस्ताच्या रंगाची प्यूटरची चार ताटं, बायबल, बंदूक, सायडरची पिंपं, ‘जुनं लोखंड’. एकूण १८४ पौंड ६ शिलिंग. मोठी इस्टेट वगैरे काही नाही. बऱ्यापैकी खाऊन-पिऊन असलेला शेतकरी होता तो. अशा किमतींचं आजच्या डॉलरांत रूपांतर करत बसू नये. त्याच यादीतल्या गाईशी तुलना करावी, लगेच अंदाज येतो.

मुलं सात, पण वाटे आठ. मॅसॅच्युसेट्समध्ये मृत्युपत्र नसेल तर थोरल्याला दुप्पट मिळायचं, हा नियम १७८९ पर्यंत होता. विधवेला जंगमातला तिसरा हिस्सा कायमचा, आणि स्थावरातला तिसरा हयातीपुरता. त्या घडीखाली हेच होतं. पंचांनी तिला काढून दिलं होतं ते असं: घरातली पूर्वेकडची खोली, तिच्यावरचा माळा, तळघराचा तिसरा भाग, विहिरीपर्यंत जायची-यायची वाट, आणि भट्टीत पाव भाजायची मुभा.

मी ती ओळ तिथेच हलक्या आवाजात वाचली. सात मुलांची आई, आयुष्यभर त्याच भट्टीत तिने पाव भाजले असतील, आणि आता त्याची मुभा कागदावर लिहून मिळतेय. माझ्या पणजीच्या वाटणीपत्रातही माजघराची कोठी आणि ‘विहिरीवर पाण्याचा हक्क’ असंच लिहिलंय. कागदाच्या तळाशी तिची सही नाही. कारकुनाने तिचं नाव लिहिलंय आणि मध्ये तिने एक वाकडी खूण केलीय, अर्धवट गोलासारखी.

प्रमाणित प्रती आणि टपाल मिळून त्या दिवसाचा खर्च बावीस डॉलर. मला तो दिवस अजून लख्ख आठवतो.

एका ओळीत एक मुलगी

दुसरी पिढी सडबरीतच. तिसऱ्या पिढीतला एक नातू लँकेस्टर गावी गेला आणि १७२८ मध्ये वारला. लँकेस्टर आज वूस्टर काउंटीत आहे, म्हणून मी तिथल्या फायली दोन महिने चाळल्या. काही नाही. मग सोसायटीतल्या एका ग्रंथपालांनी एका वाक्यात गाठ सोडवली: वूस्टर काउंटी जन्मालाच आली १७३१ मध्ये. त्याआधी लँकेस्टर मिडलसेक्समध्ये होतं. फाइल पंधरा मिनिटांत मिळाली. गाव आज कुठे आहे ते बघू नका, त्या माणसाच्या मृत्यूच्या साली कुठे होतं ते बघा. कुलाब्याचा रायगड झाला, साताऱ्यातून सांगली निघाली, हे आपल्याला माहीत असतं. इथे येऊन मी विसरले.

चौथ्या पिढीची फाइल वूस्टरची, साल १७५७. डिसेंबरातली रात्र होती, लेक झोपली होती. यादी सवयीने भराभर वाचत होते. एक बैलजोडी. घोडी. एक गाय, ३ पौंड. आणि मग, दोन ओळींनंतर, ‘एक निग्रो मुलगी’, २६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. तिच्या खाली खोगीर.

नाव नाही. वय नाही. जवळजवळ नऊ गाईंची किंमत.

मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी होती हे वाचलेलं होतं. १६४१ च्याच कायद्यात तिला जागा होती, आणि ती मोडली क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यांमुळे, १७८३ मध्ये. पण वाचलेलं असणं वेगळं आणि आपल्या लेकीच्या पूर्वजाच्या घरात, बैल आणि खोगिराच्या मध्ये ती मुलगी सापडणं वेगळं. लॅपटॉप बंद करून मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले.

नंतर दोन महिने मी फक्त तिला शोधलं. वारसांच्या वाटणीत ती कुणाकडे गेली, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, आसपासच्या घरांच्या याद्या. १७५४ मध्ये गव्हर्नरच्या हुकमाने सोळा वर्षांवरच्या गुलामांची गावोगाव मोजदाद झाली होती, पण तिथे आकडे आहेत, नावं नाहीत. ती सापडली नाही. सोसायटीने २०२३ मध्ये ‘टेन मिलियन नेम्स’ हा प्रकल्प सुरू केलाय, गुलाम केलेल्या सुमारे एक कोटी माणसांची नावं परत मिळवायचा. माझ्याकडचं पान आणि संदर्भ मी त्यांच्याकडे पाठवून दिले. तुमच्या हाती असं पान आलं तर ते बाजूला सारू नका. तिच्या वंशातलं कुणी आज उलट्या दिशेने येत असेल, तर त्यांच्या वाटेवरचा कागद आपल्याच फाइलमध्ये आहे.

सांधा

फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये फॅमिलीसर्चने हस्तलिखित कागदांच्या मजकुरात शोध घेण्याची सोय खुली केली. जमिनीचे आणि वारसांचे अमेरिकी कागद यंत्राने वाचून ठेवलेले. आतापर्यंत आपण सूचीतली नावं शोधायचो. सूचीत फक्त विकणारा आणि घेणारा. आता कागदाच्या पोटातलं कुठलंही नाव सापडू शकत होतं.

९ एप्रिलला रात्री मी चौथ्या पिढीतल्या त्या मेलेल्या माणसाचं नाव आणि लँकेस्टर एवढंच टाकलं. सातव्या निकालात १७९० नंतरचं एक खरेदीखत. विकणारा न्यूयॉर्क राज्यात राहणारा शेतकरी, आणि विकतोय काय तर ‘लँकेस्टर येथील माझे आदरणीय वडील, कैलासवासी अमुक, यांच्या इस्टेटीतला माझा हिस्सा’. बायकोचंही नाव खाली. तेच, जे आमच्या न्यूयॉर्कच्या माणसाच्या बायकोचं.

बाप आणि मुलगा, एका कागदावर. मी नवऱ्याला उठवलं. त्याने डोळे चोळत दोनदा वाचलं आणि म्हणाला, "आईला आत्ताच सांगूया." मिशिगनमध्येही तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. सांगितलं.

गुंठे

आता जमीन. खरेदीखतं केंब्रिजच्या नोंदणी कार्यालयात आणि ऑनलाइनही मिळतात. विकणाऱ्यांची सूची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी, दोन्ही बघायच्या. चतुःसीमा आपल्यासारख्याच: पूर्वेस अमक्याची जमीन, खूण केलेल्या पांढऱ्या ओकपासून दगडांच्या ढिगापर्यंत तीस रॉड, तिथून ओढ्याच्या कडेने. अंतर रॉडमध्ये. हा रॉड काय ते बघितलं: साडेसोळा फूट. मी तिथेच थबकले. दोन रॉड म्हणजे तेहतीस फूट, आणि तेहतीस फुटांचा चौरस म्हणजे आपला गुंठा. चार चौरस रॉडचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्रजांचीच मोजसाखळी सडबरीतही फिरली आणि वाईच्या शिवारातही. त्यानंतर मी सगळी खतं गुंठ्यांत मांडली आणि ती जमीन मला एकदम दिसायला लागली.

मूळ सडबरीची पहिली वस्ती नदीच्या पूर्वेला होती. तो भाग १७८० मध्ये वेगळा झाला, ईस्ट सडबरी म्हणून, आणि १८३५ पासून त्याचं नाव वेलँड. म्हणून सडबरीत थडगी शोधून उपयोग नाही, वेलँडला जावं लागतं. मे २०२४ मधल्या एका शनिवारी आम्ही तिघं गेलो. लेकीच्या हातात तेहतीस फूट मापून घेतलेली नायलॉनची दोरी. जुन्या स्मशानात पाटीचे पातळ दगड, वर पंख असलेल्या कवट्या कोरलेल्या. पुसट अक्षरांवर खडू किंवा दाढीचा फेस चोळायचा नाही, दगड झिजतो. आरशाने बाजूने ऊन पाडलं की अक्षरं वर येतात. मूळपुरुषाचा दगड नाही. त्याच्या सुनेचा निम्मा आहे.

खतातली नदीकाठची गवती कुरणं आज ग्रेट मेडोज अभयारण्यात आहेत. वरच्या अंगाला रानात शिरलो तर झाडांमधून दगडी बांध जात होता, गुडघ्याएवढा, शेवाळलेला. हाच त्याचा, असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. लेकीने दोरी लावून एक गुंठा आखला आणि मध्ये उभी राहिली. तिला मी तिथेच सांगितलं की ही वाटपं १६३९ ची असली तरी त्याआधी जमीन रिकामी नव्हती. शेजारच्या नेटिकमधल्या ख्रिस्ती झालेल्या मूळनिवाशांनाही १६७५ च्या युद्धात बोटीत घालून बॉस्टनच्या खाडीतल्या डियर बेटावर नेऊन ठेवलं होतं, हिवाळ्यात. तिने विचारलं, "त्यांचे कागद कुठे आहेत?" मी म्हटलं, शोधू.

सप्टेंबर २०२४ मध्ये सासूबाईंना वही दिली. बावीस महिने, वर्गण्या, प्रती, टपाल आणि पेट्रोल धरून तीनशे चाळीस डॉलरच्या आसपास. पहिल्या पानावर १६३५ च्या जागी १६३९. चौथ्या पिढीच्या पानावर त्या घरात राहणाऱ्यांमध्ये शेवटची ओळ: एक मुलगी, नाव नोंदलेलं नाही, १७५७. सासूबाईंनी ती ओळ बोटाने दाखवून विचारलं, मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "हे पान तसंच राहू दे."

डिसेंबरात वाईला गेले तेव्हा पंचनाम्याची प्रत बरोबर नेली होती. आत्याने तो कागद मोडीच्या रुमालाशेजारी पसरला. मी एकेक ओळ सांगत गेले, गादी, चरखा, गाय, थोरल्याचा दुप्पट वाटा. "अगं, ही तर जिंदगीची यादी," ती म्हणाली. "स्थावर जंगम जिंदगी. इस्टेटीला आपल्या जुन्या कागदांत हाच शब्द." मग विधवेच्या ओळीवर आलो. आत्याने भिंग सरकवत त्या वाकड्या अर्ध्या गोलापाशी आणलं. आपल्याकडे कुणब्याच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, तो तिने शेजारच्या कागदावर मला दाखवला, आणि परत भिंग त्या गोलावर नेलं.

"ही हिची निशाणी होय?"

"हो."

"आणि नाव काय म्हणालीस बाईचं?"

मी सांगितलं. तिने ते आपल्या वहीत मोडीत लिहून घेतलं.